नलूला आणायला

माकुणसार, ता. पालघर
११ नोव्हेंबर १९६५

नलू,

परवा मंगळवारी मी मुंबईला आले होते. तुझ्याकडे आले नाही. हे पत्र टाकीन असं वाटत नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

आईच्या डोळ्यांचं तुला मागे कळवलं होतं. पालघरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितलाय. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती दिवस टिकेल त्याचा भरवसा नाही, असं म्हणाले. आबा गेल्यावर तू लिहिलं होतंस की, या लग्नावरून आबांनी मला दार बंद केलं, आता आई रीतीनं मुराळी पाठवील तेव्हाच मी येईन, कागदाच्या बोलावण्यावर येणार नाही. ताठा अगदी आबांचा. तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती विड्याच्या पानांच्या कवळ्या लावत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मंग धाड मुराली. डोले हायेत तवर एकदा तिचं तोंड बगू दे मला."

मुराळी म्हणजे भाऊ हवा. तो आपल्याला नाही. पंढरीकाका घाटावरच्या जावयाच्या घरचं पाणी पिणार नाहीत. राहता राहिले मी. विधवा बाईला कुणी लेक आणायला धाडत नाही, पण आईनं रीत एवढीच पाळली की कुणीतरी चालत जावं. ओटीला नारळ दिला, आपल्या मळ्यातल्या पानांची एक कवळी बांधून दिली आणि काकांबरोबर सफाळ्याला गाडीत बसवलं. काकांना पानांच्या करंड्या पोचवायच्या होत्या. त्यांनी दादरला मला लाल बसमध्ये चढवलं आणि कंडक्टरला बजावलं, "हिला चिंचपोकलीला उतरवा." कंडक्टर विसरला. राणीच्या बागेपाशी उतरले तेव्हा तोच मला रागावला.

आता पुढचं वाचून हसशील. फाटकातून आत पाहिलं तर गर्द सावली, ओली माती, झाडांवर चढलेले वेल. मी चपला काढल्या, फाटकाच्या कडेला नीट जोडून ठेवल्या आणि आत गेले. जन्मभर पानमळ्यात अनवाणी शिरायची सवय. वेलाच्या सावलीत चपला घालून जायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नाही. तासाभरानं बाहेर आले तर चपला कुणी पळवलेल्या.

अनवाणी मुराळी तिसऱ्या मजल्यावर तुझ्या दारात कशी उभी करायची? शेजारणी काय म्हणतील, माहेराला दळिद्र आलं? म्हणून आले नाही. हे कारण मी रस्त्यातच ठरवलं आणि आईलाही सांगितलं नाही. तिला सांगितलं, घराला कुलूप होतं.

खरं तर मी नुसती चालत सुटले. उन्हानं तापलेली फरशी, मग सावलीतली गार फरशी, मग पुन्हा तापलेली. आपल्या घरापासून विहिरीपर्यंत जायचं तर सात जण विचारतात, "काय गो हिरा, कुटं?" तिथं मी भायखळ्यापासून कुठल्या कुठं गेले, एका माणसानं विचारलं नाही. माझ्या कपाळाकडे कुणी पाहिलं नाही. बारा वर्षं हे कपाळ मी गावभर मिरवतेय, त्या दिवशी ते घरी राहिल्यासारखं वाटलं.

एका पानवाल्याच्या दुकानाशी थांबले. पानांची कवळी हातात जड झाली होती, ती त्याला देऊन टाकली. एक पान उलटं करून त्यानं बोटानं शीर चोळली, हुंगलं आणि माहीम-केळव्याकडचं म्हणून ओळखलं. मग विडा लावून माझ्यापुढे धरला. मी नको म्हणाले. तो म्हणाला, "माई, पत्ता आपके घर का, और आप ही नहीं खाएँगी?" त्याला कसं सांगणार की आमच्यात बाईचा नवरा गेला की तिचा विडाही जातो? घेतला. रस्त्यावर उभी राहून खाल्ला, चांगला चावून. सफाळ्याला उतरायच्या आधी पदरानं ओठ पुसले.

नलू, मला मुंबई आवडली. नवरासुद्धा मला इतका आवडला नव्हता. बिचारा आवडायच्या आतच गेला म्हणा.

हिरा


माकुणसार
२ फेब्रुवारी १९६६

नलू,

हेही पत्र पत्र्याच्या पेटीतच जाणार.

संक्रांत झाल्यावर आईनं पुन्हा पाठवलं. या वेळी पायात नव्या चपला होत्या, तेव्हा ती सबब नव्हती. दादरहून बस बरोबर पकडली, बरोबर उतरले आणि तुमच्या चाळीच्या तोंडाशी येऊन उभी राहिले. नळावर दोघी भांडत होत्या. त्यांतली तू नव्हतीस.

उभ्याउभ्या हिशेब मांडला. वर गेले तर शिवाजीराव चहा टाकायला सांगतील, तू रडशील, पारूला नवा फ्रॉक घालशील आणि संध्याकाळच्या गाडीनं आपण तिघी सफाळ्याला उतरू. आई तुझं तोंड बघेल. सगळं गोड होईल. आणि मग मला मुंबईला कोण पाठवणार? नलू एकदा आली म्हणजे हिराचं काम संपलं. पुढे तू आपली आपण येत-जात राहशील आणि मी पुन्हा विहीर ते मळा, मळा ते विहीर.

मी मागे फिरले. पाप वगैरे काही वाटलं नाही, हेही लिहून ठेवते. एवढंच म्हटलं की पुढच्या खेपेला नक्की.

मग दुमजली बसच्या वर, अगदी पुढच्या बाकावर जाऊन बसले आणि शेवटपर्यंत गेले. तिथून लोकांच्या पहिल्या मजल्यावरच्या खोल्या समोरासमोर दिसतात. एक बाई मटार सोलत होती. एक म्हातारा खिडकीला आरसा टांगून दाढी करत होता, त्यानं साबणाचा ब्रश हलवून मला रामराम केला. एका खोलीत फक्त एक तंबोरा आणि एक मांजर. आपल्याकडे एखादीच्या घरात डोकावलं तर चार दिवस चर्चा होते, इथं सगळं शहरच दार उघडं टाकून बसलंय. शेवटच्या थांब्यावर उतरले नाही, त्याच बसनं परत आले. कंडक्टर म्हणाला, "बाई, चुकलात का?" म्हटलं, नाही हो, मुळीच नाही.

दुसऱ्यांदाही कुलूप सांगणं बरं दिसेना. म्हणून आईला म्हटलं, भेटली, पण पारूची परीक्षा आहे, नंतर येते म्हणाली. आई सरकून जवळ आली. "कशी दिसते गो?"

हा प्रश्न येईल हे माझ्या ध्यानातच नव्हतं. बसच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई होती, तिलाच उचललं. सांगितलं, अंगानं भरलीय, चष्मा लागलाय, केसांचा अंबाडा घालते. आईनं एकेक शब्द नीट ठेवून घेतला. म्हणाली, "चष्मा? माजेच डोले घेतले तिनं." आणि हसली.

तुला कार्ड टाकलंय: 'आईचं मन अजून वळलेलं नाही. मुराळी पाठवायचं नाव काढत नाही. घाई करू नये.' तेवढंच.

हिरा


माकुणसार
१४ जून १९६६

चि. सौ. नलूबाई हीस हिराचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू विचारतेस, आईचे डोळे कसे आहेत. ठीक आहेत. वयाप्रमाणे व्हायचंच. तू न बोलावता येऊन उभी राहू का, असं लिहितेस, तर तसं करू नये. तूच अट घातली होतीस, आता तूच मोडलीस तर गावात तुझी किंमत काय राहील? पंढरीकाका चार शब्द बोलतील ते वेगळंच. मी आईशी बोलते आहे, योग्य वेळी कळवीन.

शिवाजीरावांना नमस्कार. पारूला आशीर्वाद. तिकडच्या हकिकती सविस्तर लिहीत जा. तुमच्या बाजूला दुमजली बस कोणकोणत्या नंबराच्या जातात, आणि पाऊस झाल्यावर चौपाटीला लोक बसतात का, ते कळवणे.

तुझी,
हिरा


माकुणसार
२८ ऑक्टोबर १९६६

नलू,

काल तुला पाहिलं.

दसरा झाल्यावर आईनं चौथ्यांदा पाठवलं. मेमध्ये तिसरी खेप झाली, तिचं लिहायचंच राहून गेलं. त्या खेपेला मी म्युझियम पाहिलं आणि आईला सांगितलं की तू गजरा माळतेस आणि तुझ्या हनुवटीवर तीळ आलाय. तीळ सांगायची काही गरज नव्हती. पण सांगायला लागलं की माणूस वाहवतो.

काल मी बसच्या वरच्या मजल्यावर होते. लालबागपाशी रस्त्यात काहीतरी अडकलं आणि बस बरोबर तुमच्या चाळीसमोर थांबली. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तू पारूची वेणी घालत होतीस. दातांत रिबिन धरली होतीस. अंगानं भरलेली मुळीच नाहीस, वाळलीस. चष्मा नाही. तीळबीळ नाही. पारू हलली तशी तू तिच्या डोक्यात कंगव्यानं टक्कन मारलंस, आई आपल्याला मारायची तसंच.

मी उठले. जिन्याच्या दांड्याला हात धरला. मग बस सुटली, आणि मी खाली बसले. चालत्या बसमधून कसं उतरणार, असं मनाशी म्हटलं. पुढचा थांबा दोन मिनिटांवर होता.

काल पहिल्यांदाच मला मुंबईत करमलं नाही. तरी संध्याकाळपर्यंत राहिले.

घरी आले तर पंढरीकाका ओट्यावर. त्यांच्या हातात आईनं लावलेली कवळी होती, सुटलेली. व्यापाऱ्यानं परत पाठवली होती. काका म्हणाले, "वयनी, चालीस वर्सांत तुज्या कवलीत डागी पान नाय निगालं. या टायमाला सात हायेत." आईनं ती सात पानं हातात घेतली, उजेडाकडे धरली, फिरवली. "कंचा डाग?" तिनं विचारलं. काका माझ्याकडे बघत राहिले.

मग तिनं मला विचारलं, "आली का नलू?" नाही, म्हटलं. "कशी दिसते?"

खरं सांगायची ही वेळ होती. तिनं ऐकलंही असतं. मी म्हटलं, तशीच, चष्मा, अंबाडा.

हिरा


माकुणसार
९ जानेवारी १९६७

चि. सौ. नलूबाई हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आश्चर्य वाटलं. शिवाजीरावांना तारापूरच्या अणुभट्टीच्या कामावर फिटरची जागा मिळाली हे चांगलं झालं. परंतु तुम्ही सगळ्यांनी बिऱ्हाड हलवून बोईसरला यावं, हा विचार मला मुळीच पसंत नाही.

बोईसर म्हणजे काय आहे? स्टेशन, गवताच्या गंज्या आणि डास. कामगारांना पत्र्याच्या खोल्या आहेत म्हणतात, त्या उन्हाळ्यात भाजून काढतील. पाणी विहिरीचं. पारूच्या शाळेचं काय करणार? तिथं नागपूर-साताऱ्याकडची माणसं येऊन पडलीत, कुणाला कुणाची ओळख नाही. मुंबईत जन्मलेल्या पोरीला तिथं नेऊन टाकणं म्हणजे हातानं वाटोळं करणं. ज्यांना मुंबईत खोली आहे त्यांनी ती का सोडावी, हे मला कळत नाही. माझ्या हातात असतं तर मी दातांनी धरून ठेवली असती. शिवाजीरावांनी एकटं यावं, रविवारी मुंबईला जावं. पुष्कळ लोक तसं करतात.

आईच्या जवळ येणं होईल असं तू लिहितेस. परंतु बोलावण्याचा प्रश्न आहे तिथंच आहे. नीट विचार करणे. खोली सोडू नये.

तुझी,
हिरा


माकुणसार
८ मार्च १९६७

नलू,

बोईसरच्या पत्त्यावर तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र, आणि ते टपालानं जाणार नाही. पंढरीकाका घेऊन येतील. सोबत पेटीतली तीन पत्रं आहेत. तारखेप्रमाणे वाच. मध्ये तुला आलेली जी आहेत ती तुझ्याजवळ असतीलच, फाडली नसशील तर. ती त्यांच्या शेजारी ठेव म्हणजे हिरा काय चीज आहे ते कळेल. मी काही सुधारून लिहिलेलं नाही.

तुम्ही पंचवीस तारखेला बोईसरला आलात हे मला कळलं. सफाळे, केळवे रोड, पालघर, की मग बोईसर. इतक्या जवळ तू आलीस आणि माझी झोप उडाली. आज ना उद्या आपलं कुणीतरी बाजाराला बोईसरला जाणार, तुला ओळखणार, तू विचारणार, तो सांगणार. म्हणून शनिवारी दुपारी मी आईपुढे बसले आणि सगळं सांगितलं. पकडली जाणार म्हणून सांगितलं, पश्चात्तापानं नाही. तो नंतर आला.

तिला आता दिसत नाही. दिवाळीनंतर डावा डोळा गेला, संक्रांतीपासून उजवाही. दारातून उजेड येतो एवढं कळतं, त्यात कुणी उभं राहिलं तर अंधार होतो तेवढंही कळतं. त्या अंधाराचं तोंड कळत नाही. पानं अजून लावते, बोटांनी. डागी पानं मी बाजूला काढते.

मी सांगत होते आणि तिचे हात चालू होते. सांगून झाल्यावर म्हणाली, "मंजे चष्मा नाय तिला?"

"नाही."

"नी तील?"

"नाही, आई."

"तू तिला बगितलीच नाय?"

"एकदा. बसमधून. पारूची वेणी घालत होती."

आईचे हात थांबले. "कशी दिसते?" तिनं विचारलं. मी पहिल्यांदा खरं सांगितलं. वाळलीय, गळ्याशी हाडं दिसतात, रिबिन दातांत धरते, पोरीला कंगव्यानं मारते. तिनं ऐकून घेतलं, पण मला दिसत होतं की तिला हे पटवून घेता येईना. वर्षभर तिनं त्या चष्म्याच्या बाईशी मनात बोलून ठेवलंय. ती बाई आता तिच्या डोक्यातून काढायची कशी, मला ठाऊक नाही. डोळे असते तर तुझ्याकडे एकदा बघून निघाली असती.

मग तिनं विचारलं, "नी तू काय करत होतीस तितं दिसभर?"

मी तेही सांगितलं. बस, म्युझियम, दाढी करणारा म्हातारा, सगळं. विड्याचंही सांगितलं. नवरा गेल्यावर तिनंच माझ्या ताटातलं विड्याचं पान उचललं होतं.

"रंगला?" ती म्हणाली.

"हो."

तिनं हातातलं पान टोपलीत ठेवलं. मग म्हणाली, "मला सांगायचं व्हतंस. मुंबईला जाया पायजे, इतकंच सांगायचं व्हतंस हिरा. मी काय तुला कोंडली असती? करंड्यांबरोबर धाडली असती दर म्हैन्याला." आणि पानांची टोपली माझ्याकडे ढकलून उठली, भिंत धरून आत गेली.

नलू, हे मला सुचलंच नाही. बारा वर्षांत एकदाही मी तिला काही मागितलं नव्हतं. मागायचं असतं हे विसरूनच गेले होते. फुकट मिळणारी गोष्ट मी चोरून आणत राहिले आणि तिचे डोळे त्यात गेले. डोळे जाणारच होते हे खरं आहे. पण त्यांत तुझं तोंड असतं.

शनिवारपासून आई माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढलं की जेवते. काल काकांना बोलावून म्हणाली, "मुराली तूच जा." काका घुटमळले. ती म्हणाली, "पानी प्यायचं नसल तर नको पिऊ, पन जा." आज सकाळी ते मला विचारत होते की जावयाच्या घरी नेसून जायला कुठलं धोतर बरं दिसेल. तेव्हा चहा घेतील असं वाटतं. साखर जास्त लागते त्यांना.

माझ्यावर तुझा किती राग असेल त्याचा अंदाज मी करत नाही. मुंबई मला अजून आवडते. हे इथं लिहायला नको होतं, पण आता तुला खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, आणि ते खोटं झालं असतं.

रविवारी ये, पारूला घेऊन. मी सबंध दिवस मळ्यात असेन. हाक मारलीस तर येईन, नाहीतर नाही. आई आत, दारासमोर बसलेली असेल. तू समोर येऊन उभी राहिलीस तरी ती उठणार नाही, काही बोलणार नाही. राग आलाय असं समजून परत फिरू नकोस. दारात अंधार झाला एवढंच तिला कळेल. आधी तू हाक मार.

हिरा